बनियनवरच्या तीन फिती

मार्व्याच्या धक्क्यावरून मनोरीला येणारी पहिली होडी पकडली की डाव्या-उजव्या हाताला अजून अंधारच असतो. मार्व्याच्या बाजूला नौदलाचे 'हमला' नावाचे ठाणे आहे. तिकडच्या रस्त्यावर पहाटे कधी कधी पांढऱ्या बनियनमधली माणसे रांगेने धावताना दिसतात. भाजीच्या पाट्या पोचवून परत येताना मी त्यांच्याकडे पाहत उभा राहतो. त्यांच्यात शिपाई कोण आणि अधिकारी कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी स्वतः चोवीस वर्षे लष्करात काढली, मलाही येत नाही. आणि तेच बरे आहे, हे कळायला मला स्वतःच्या घरात एक वाईट वर्ष काढावे लागले. तीच हकीकत आज सांगणार आहे.

मी मूळचा मनोरीचाच. थोडे भात, थोडी भाजी, चार माड, एवढा आमचा जमीनजुमला. थोरल्या भावाने तो सांभाळला म्हणून मला 1990 साली सैन्यात जाता आले. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला दाणागोटा आणि सामान पोचवणाऱ्या खात्यात, मी ड्रायव्हर झालो. 2014 साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. बाहीवर तीन फिती होत्या. शेतकऱ्याच्या पोराला तीन फिती म्हणजे काय, ते ज्याच्या घरातून कुणी पलटणीत गेले आहे त्यालाच कळेल. एक फीत लान्स नायकाची, दोन नायकाची, तीन हवालदाराची. एकेका फितीसाठी वर्षे जातात.

बेंगळूरचे शिक्षण संपवून मी पहिल्यांदा पलटणीत गेलो, तेव्हाची गोष्ट. उत्तरेकडची थंडी, पहाटेचा अंधार, पी.टी.ला सगळे रांगेत उभे. माझ्या पुढचा माणूस जागा अडवून उभा होता. मी त्याच्या पाठीला हात लावून म्हटले, "थोडा आगे सरको भाई." तो मुकाट्याने पुढे सरकला. आम्ही धावलो, बीमला लोंबकळलो, घामाघूम झालो. न्याहारीनंतर तोच माणूस गणवेशात समोरून आला. खांद्यावर अशोकाची सिंहमुद्रा! मेजरसाहेब! माझ्या पायांतले बळच गेले. साहेब नुसते हसले आणि पुढे गेले. जुन्या हवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितले, "पी.टी.ला फीत नाही आणि तारा नाही. तिथे फक्त छाती आणि पाय."

पी.टी.च्या मैदानात हुकूम देणारा उस्ताद असतो. तो हुद्द्याने हवालदार असला तरी त्याच्या शिटीवर अधिकारीही वाकतो आणि उठतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत उद्याचे अधिकारी घडतात, तेही उस्तादाच्याच आवाजावर. शारीरिक चाचणीत धावण्याची वेळ माणसाच्या वयावर ठरते, खांद्यावर काय आहे यावर नाही. अमेरिकेच्या सैन्यातही कवायतीच्या कपड्यांवर हुद्दा लावत नाहीत. याचा अर्थ हुद्दा पुसला जातो असा नाही. साहेब कोण ते सगळ्यांना ठाऊक असतेच. पण तेवढा एक तास हुद्दा खुंटीला टांगलेला असतो.

एवढे सगळे ठाऊक असून मी काय केले ते ऐका.

2022 सालच्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. पोलीस भरतीचीही चर्चा होती. भातकापणी उरकल्यावर गावातली आठ पोरे माझ्याकडे आली. "काका, आम्हाला तयार करा." त्यांत माझा थोरला पुतण्या होता, एकोणीस वर्षांचा. माझी छाती फुगली. मी मालाडला जाऊन पांढऱ्या बनियन घेतल्या आणि माझ्या बनियनच्या बाहीवर शिंप्याकडून तीन फिती शिवून आणल्या. एवढ्यावरच थांबलो नाही. जो पुढे धावेल त्याला एक फीत, त्याच्याहून पुढे त्याला दोन, असे ठरवले. मैदानावर मला काका म्हणायचे नाही, साहेब म्हणायचे, अशीही ताकीद दिली. पोरांना चेव येईल, असा माझा हिशोब होता.

चेव आला, यात शंका नाही. ओहोटीची वेळ साधून आम्ही ओल्या, टणक वाळूवर धावत असू. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर धावावे लागते आणि त्याला 20 गुण असतात. मी पोरांना त्याच्या दुप्पट, तिप्पट पळवू लागलो. महिन्याभरात पुतण्याच्या बाहीवर दोन फिती आल्या. वहिनीने त्या बनियनला वेगळी दोरी बांधली, इतर कपड्यांत वाळत घालीत नसे.

पण मैदानाचा रंग बदलला होता, तो मला दिसला नाही. ज्याच्या बाहीवर फीत नव्हती ती दोन पोरे आधी मागे राहू लागली, मग येईनाशी झाली. मी म्हटले, चाळणीतून कोंडा गेला. आणि पुतण्या मुका झाला. घरी येताना गप्प, जेवताना गप्प. मला वाटले, शिस्त लागली.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली असताना तो वाळूवर बसला तो उठेना. नडगी धरून बसला होता. मी ओरडलो, "उठ!" तो उठला, चार पावले टाकली आणि पुन्हा बसला. मग मी जवळ गेलो. नडगीवर एका जागी बोट ठेवले तरी तो कळवळत होता. होडीने पलीकडे नेऊन डॉक्टरांना दाखवले. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. अचानक धावणे वाढवले, हाडाला विश्रांती मिळाली नाही, आणि आधी दुखत असताना तसेच रेटले, की असे होते, असे डॉक्टरांनी समजावले. किती दिवस दुखते आहे, असे त्यांनी विचारले. पोर खाली बघत म्हणाले, "महिना झाला."

महिना! एकाच अंगणात आम्ही झोपत होतो.

घरी आल्यावर भावाने विचारले, "अरे, काकाला सांगायचे नाहीस का?" तो म्हणाला, "काकांना सांगितले असते. साहेबांना कसे सांगणार? दोन फिती काढून घेतल्या असत्या."

भाऊ माझ्याकडे वळला. त्याने आयुष्यात मला कधी चढ्या आवाजात बोललेले नाही. तेव्हाही आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाला, "तुला सैन्यात पाठवायला मी नांगर धरला. पोराला तुझ्या हाती दिले ते तू त्याचा काका म्हणून. साहेब म्हणून नाही." वहिनी आत निघून गेली. त्या रात्री मला जेवण गेले नाही. पुतण्याची ती भरती हुकली ती हुकलीच.

दुसऱ्या दिवशी मी ब्लेडने तीनही फितींचे टाके उसवले. सैन्याने दिलेल्या फिती ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. त्या माझ्या कष्टाच्या आहेत, त्यांची मला लाज नाही. शिंप्याने शिवलेल्या मात्र चुलीत गेल्या. मग जी दोन पोरे सुटली होती त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या आईबापांसमोर चूक कबूल केली. हवालदाराला ते सोपे गेले नाही.

मंडळी, मला पुढे सुचले ते आमच्या खाचरातच. भाताच्या लावणीला घरची बाई आणि रोजाने आलेली बाई एकाच चिखलात, एकाच ओळीत वाकते. तिथे कुणी मालकीण म्हणून उभी राहत नाही. तरी ओळ वाकडी होत नाही, कारण एक जाणती बाई कडेला असते आणि सगळ्या तिच्या हाताकडे पाहून हात चालवतात. जिची कंबर धरली ती तसे सांगते, आणि घटकाभर बांधावर बसते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तसेच आता आमच्या वाळूवर चालते. शिटी एकाच्याच हातात असते, कारण पाण्याची भरती कधी वळेल आणि कुणाला कधी थांबवायचे हे एकाने पाहायलाच हवे. पण बाहीवर कुणाच्याच काही नाही. सर्वांत सावकाश धावणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. शेवटच्या टप्प्यात ज्याने त्याने आपले बळ काढावे. धावण्याचे अंतर हळूहळूच वाढवतो आणि आठवड्यातून एक दिवस पायांना सुट्टी. सुरुवातीला मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "कुठे दुखते?" आणि 'काही नाही' हे उत्तर लगेच खरे मानत नाही.

पुतण्या 2024 च्या भरतीत धावला. पूर्ण धावला, पाय दुखला नाही. यादीत नाव आले नाही, थोडक्यात राहिले. पुन्हा तयारी चालू आहे, आणि सकाळी शिटी आता बहुधा त्याच्याच हातात असते. परवा रांगेत मी उगाच रेंगाळलो होतो. मागून पाठीवर हात आला आणि आवाज आला, "काका, जरा पुढे सरका."

मी सरकलो.