पाला आणि बटाटे

मी सातवीत होतो तेव्हाची ही गोष्ट. आमचे गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात. दिवाळी सरली की आमच्या शेतात बटाट्याची लावण होई. त्या वर्षी आबांनी मला दोन सऱ्या नेमून दिल्या आणि ते म्हणाले, "या तुझ्या. यांत जे पिकेल, त्याच्या पैशातून तुझी पुढच्या वर्षाची पुस्तके घेऊ."

माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. आबांच्या सऱ्यांपेक्षा माझ्या सऱ्या सरस ठरल्या पाहिजेत, असा निश्चय मी मनोमन केला. ओसरीवर युरियाची गोणी होती. आबांनी साऱ्या पिकाला बेताने खत दिले होतेच. पण माझे समाधान होईना. घरी कोणी नसले की मी गोणीची गाठ सोडी, घमेल्यात खत घेई, माझ्या सऱ्यांत टाकी आणि पाणी देई. असे मी चार-पाच वेळा केले.

माझी रोपे हां हां म्हणता वाढली. शेजारची रोपे गुडघ्याएवढी, तर माझी कमरेला लागली. पाने काळीभोर हिरवी! पुढे इतरांचा पाला पिवळा पडू लागला, तरी माझा हिरवागारच होता. मी धाकट्या बहिणीला रोज बांधावर नेऊन ते वैभव दाखवी.

माघात काढणी झाली. आबांच्या सऱ्यांतून पाट्या भरून बटाटे निघाले. माझ्या सऱ्या उकरल्या, तेव्हा गोट्यांएवढे मोजके बटाटे हाती आले. आईने ते मुकाट्याने पदरात घेतले.

"आणखी काही खत घातले होतेस का?" आबांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

आबा काही बोलले नाहीत. जूनमध्ये मला पुस्तके मिळाली. पण ती हाती घेताना मला वर पाहवेना.

पुढे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकताना या कोड्याचा उलगडा झाला. बटाटा हे मूळ नव्हे, ते खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्याच होत. रोपाला जमिनीखाली बारीक, आडव्या फांद्या फुटतात. त्यांची टोके फुगून बटाटे होतात. मात्र फांदीने लांब वाढायचे की थांबून फुगायचे, हे ठरवण्यात संप्रेरकांचा मोठा वाटा असतो. संप्रेरके म्हणजे वनस्पतीच्या अंगात अगदी अल्प प्रमाणात तयार होणारी, तिच्या वाढीला वळण लावणारी द्रव्ये.

त्यांतले एक जिबरेलिन. त्याची कथा भातशेतीत सुरू झाली. जपानमध्ये भाताची काही रोपे भराभर उंच होत, मग लोळत. त्यांना दाणा धड भरत नसे. शेतकरी त्यांना 'वेडी रोपे' म्हणत. हा एका बुरशीतून निघणाऱ्या द्रव्याचा प्रताप आहे, हे १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवले. १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे असे आढळले, की ते वनस्पतींच्या अंगातही तयार होते.

बटाट्याच्या भूमिगत फांदीच्या टोकाशी जिबरेलिन भरपूर असेतो फांदी लांबच होत जाते. दिवस लहान झाले, रात्री थंड पडू लागल्या, की पानांना ऋतूची चाहूल लागते आणि ती खाली निरोप धाडतात. १९५६ साली ग्रेगरी या संशोधकाने कलमे करून दाखवले, की हा निरोप कलमातून एका रोपाकडून दुसऱ्या रोपाकडेही जातो. २०११ साली त्या निरोप्यांपैकी एका प्रथिनाची ओळख पटली. निरोप पोचला की टोकाशी जिबरेलिन ओसरते, लांबी थांबते, पेशी आडव्या वाढू लागतात आणि पानांनी केलेली साखर तेथे पिष्टाच्या रूपाने साठते. रात्री उष्ण असल्या किंवा नत्राचा मारा सतत चालू राहिला, तर जिबरेलिन ओसरत नाही. युरियात तर नत्रच असते! माझ्या रोपांना मी थांबूच दिले नव्हते.

त्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आबा ओसरीवर बसले होते. मी त्यांना सारे शास्त्र समजावून सांगितले आणि शेवटी, खाली मान घालून, युरियाचेही सांगितले.

आबा हसले. "गोणीला मी नेहमी बैलाच्या दाव्याची गाठ मारतो. तुला ती येत नव्हती. तू साधी गाठ मारून ठेवायचास."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो," आबा म्हणाले.

मग त्यांनी मला जवळ बोलावले, दोरीचा एक तुकडा घेतला आणि ती गाठ कशी मारायची, ते दाखवले.