मरुभूमीतील कोजागरी

जोधपूर,
आश्विन वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप मामांचे सेवेसी,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

सुखरूप पोहोचल्याचे आपणांस फोनवर कळविले होतेच. परंतु येथे जे ऐकले त्याचा वृत्तान्त फोनवर सांगावा असे मनाने घेतले नाही, आणि ज्यांनी मला सारंगी ऐकावयास शिकविले त्यांना तो सविस्तर लिहिल्याखेरीज येथून पाऊल उचलणेही योग्य वाटेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

मेहरानगडावर २००७ सालापासून भरत आलेला हा लोकसंगीताचा महोत्सव, ज्याला येथे सारे ‘जोधपूर रिफ’ म्हणतात, गडाचा म्युझियम ट्रस्ट आणि जयपूर विरासत फाउंडेशन यांनी मिळून उभा केला, आणि त्यासाठी तिथी धरली ती शरद पौर्णिमेची, म्हणजे आपल्या कोजागरीची. राव जोधाने १४५९ मध्ये ज्या खडकावर गडाचा पाया घातला तो शहराच्या सपाटीपासून सुमारे ४०० फूट उंच आहे, त्यामुळे चंद्र वर चढला की खालची निळी घरे, बुरूज आणि पलीकडची उजाड टेकाडे एकाच प्रकाशात न्हाऊन निघतात. रात्रीच्या मोठ्या मंचावर दूरदेशीचे वादक आणि येथील खडताल-ढोलकवाले एकत्र बसतात. त्यांतले काही मनाला भिडले, काही केवळ वेगाच्या बळावर टाळ्या घेऊन गेले. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण ज्यासाठी येथवर यावे ते मला रात्री नव्हे, पहाटे लाभले.

गडाच्या पायथ्याशी, देवकुंडाच्या काठावर, महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या स्मरणार्थ १८९९ मध्ये बांधलेली जसवंत थडा ही संगमरवरी छत्री आहे. तिच्या प्रांगणात सूर्योदयापूर्वी बैठक मांडली होती. शाली गुंडाळून बसलेल्या आम्हा श्रोत्यांपुढे एक वृद्ध मांगणियार गायक मांडी घालून बसला, त्याने कमायचा मांडीशी घेतला, आणि बराच वेळ तो केवळ तारा जुळवीत राहिला. ते जुळविणे हेच गायनाचे आरंभीचे अंग आहे, हे आपल्या सहवासात राहिल्यामुळे मला ठाऊक होते. शेजारचे काही जण मात्र गाणे केव्हा सुरू होणार म्हणून चुळबुळ करीत होते.

कमायचा आपण पाहिला नसावा, म्हणून वर्णन करतो. आंब्याच्या लाकडाचा वाटोळा, चांगला रुंद घुमट. त्यावर बकऱ्याचे कातडे ताणून बसविलेले. मुख्य तारा सारंगीप्रमाणेच तातीच्या, आणि त्यांच्या शेजारी झंकारणाऱ्या धातूच्या तरफा. पण सारंगीचा स्वर जसा कंठाच्या वरच्या भागातून, किंचित अनुनासिक होऊन येतो, तसा हा येत नाही. हा छातीतून येतो. लांब गजाच्या एकाच ओढीत त्यात घरघर, ओलावा आणि गुंजारव हे तिन्ही ऐकू येतात, आणि गायकाचा उंच, मोकळ्या माळावरून हाक मारावी तसा सुटलेला आवाज त्या गंभीर स्वराच्या आधाराने वर चढत असता वाद्य कोठे संपते आणि मनुष्य कोठे सुरू होतो याचा निवाडा करता येत नाही. त्याने प्रथम दोहे म्हटले, लयीच्या बंधनाबाहेर, स्वर चाचपीत. मग पद आले, आणि छत्रीच्या भिंतींवर ऊन उतरेपर्यंत मी हललो नाही.

त्यानंतर जे समजून घेतले ते आपणांस विशेष सांगावयाचे आहे. मांगणियार आणि लंगा हे दोन्ही वंशपरंपरेने गाणारे मुसलमान समाज. पैकी लंगांचे जजमान (आश्रयदाते) बहुतांशी सिंधी सिपाही, म्हणजे मुसलमानच, तर मांगणियारांचे मुख्यत्वे हिंदू, विशेषतः राजपूत. जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटात मांगणियाराचे प्रत्येक कुटुंब ठराविक जजमान घराण्यांशी पिढ्यान्पिढ्या जोडलेले असते. जन्म, विवाह, सणवार या प्रसंगी त्याने जाऊन गावे, घराण्याची वंशावळ आणि कीर्ती मुखोद्गत ठेवावी, आणि जजमानाने धान्य, जनावर, रोकड, वस्त्र या रूपाने त्याचा नेग द्यावा, त्याच्या घरच्या लग्नकार्यातही हात लावावा, अशी ही वहिवाट. बापाचे जजमान मुलांत वाटून जातात, जशी आपल्याकडे वतनाची तक्षीम होत असे तशीच. सनद कोठे लिहिलेली नाही, दप्तर कोठे ठेवलेले नाही. पण हक्क मात्र असा पक्का की दुसऱ्याच्या जजमानाच्या दारी आपले गाणे घेऊन जाणे हे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे मानतात. या नात्यात उच्चनीचभाव भरपूर होता आणि आहे, त्यावर पांघरूण घालू नये. तरी देखील कृष्णजन्माची पदे आणि सूफी कलाम एकाच कंठात, कोणाचीही परवानगी न मागता, शतकानुशतके सुखाने नांदले, ते या नात्याच्या छायेतच, हेही तितकेच खरे.

आता हे गाणे दारातून उठून मंचावर आले आहे. ते आणण्याचे श्रेय प्रामुख्याने कोमल कोठारी यांना द्यावे लागेल. विजयदान देथा यांच्यासमवेत १९६० मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान स्थापून त्यांनी या कलावंतांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांना देशोदेशींच्या रसिकांपुढे उभे केले. त्यामुळेच हमीरा गावच्या साकर खां यांचा कमायचा जगाला माहीत झाला, आणि २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा उपकार मोठा आहे आणि मी तो कमी लेखीत नाही. दुष्काळाच्या मुलखात जजमानाची कोठी रिकामी झाली तर गायकाची चूल कशावर पेटावी, याचे उत्तर नुसत्या परंपरेपाशी नव्हते. महोत्सवांनी ते दिले.

पण मामा, तिकीट घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याची वंशावळ त्या वृद्धाने काय म्हणून सांगावी? माझे नाव त्याला ठाऊक नाही, माझ्या घरी जन्मलेल्या मुलासाठी त्याने कधी गायिलेले नाही. म्हणून मंचावर गाणे येते ते त्याचा तो भाग गळून, आणि जे उरते त्यात टाळ्या घेणारे पुढे सरते. खडतालच्या पट्ट्यांची चकमक दूरवरून दिसते. कमायचाची घरघर दिसत नाही, ती ऐकावी लागते. तरुण मंडळी पेटीच्या साथीने गाणे पसंत करतात, कारण ती लवकर हाती येते आणि कोठेही मिळते. कमायचा घडविणारे आणि वाजविणारे मात्र कमी होत चालले आहेत. हे ऐकताना मला आपल्या माडीवरील संध्याकाळी आठवल्या. दरबार आणि कोठे मोडले, पेटी साथीला आली, आणि ज्या सारंगियांनी गायकांच्या पिढ्या घडविल्या त्यांना गवई बोलावीनासे झाले, ही हकीकत आपण किती विषादाने सांगत असा! आश्रय बदलला की त्याचा पहिला आघात साथीच्या वाद्यावर होतो, असे आपण म्हणत असा. येथे तो होताना मी पाहिला.

आश्रयाप्रमाणेच सीमेचाही घाव या लोकांनी सोसला. त्यांचे सोयरे आणि जजमान सिंधमध्ये, उमरकोटच्या बाजूस पसरलेले. जोधपूरहून सिंधकडे जाणारी आगगाडी १९६५ च्या युद्धाने बंद पडली, २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१९ पासून पुन्हा बंद आहे. सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांचे कलाम मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस गातात.

उद्या मोकलावास येथे, कोठारींच्याच कल्पनेतून उभ्या राहिलेल्या अरणा-झरणा संग्रहालयात जाण्याचा बेत आहे. कमायचासाठी तात वळणारा कोणी कारागीर या बाजूस उरला आहे काय, याची तेथे चौकशी करीन. आपल्या सारंगीच्या तीनही तातींची जाडी पत्र पोहोचताच कळवावी, म्हणजे मिळाल्यास बेतशीर घेऊन येता येईल. मामीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

कळावे, लोभाची वृद्धी व्हावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक भाचा