घशाशी आलेले

‘घशाशी येणे’ हा शब्दप्रयोग आपण आईच्या, आजीच्या तोंडून ऐकत मोठे होतो. मी तीस वर्षे मराठी शिकवले, वाक्प्रचारांवर लिहिले. या एकाकडे मात्र कधी थांबून पाहिले नाही. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि तोच मला रात्री दोन वाजता उठवू लागला.

या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण हिस्सा काढून टाकतात; उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. माझे वजन चाळीस किलोंनी उतरले, मधुमेहाची गोळी सुटली, बदलापूर स्टेशनचा पूल मी न थांबता चढू लागलो. हे सारे खरे आहे. पण अन्न येताच सैलावून त्याला जागा देणारा जठराचा वरचा फुगीर भागही त्यातच जातो. नळीतला दाब वाढतो आणि आम्ल वर चढते. संमतीपत्रात तशी ओळ होती. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ओळीखालचे वाचायला शिकवणाऱ्याने ओळच वाचली नव्हती.

आता पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे; तिथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. परवा उतरलो, वाकलो आणि नमस्कार अर्धाच राहिला. उल्हासनगरच्या वर्गात आवाज बसतो. कविता शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

मात्र खरी अडचण बोलण्याची आहे. तक्रार केली की ऐकावे लागते, ‘चालायला गेला असतात तर?’ चरकसंहितेने अतिस्थूल माणसाला आठ निंदितांत गणले. पण तिथे ती चिकित्सेची सुरुवात होती. आपण निंदा तेवढी ठेवली, चिकित्सा विसरलो. म्हणून मी गप्प राहिलो. ‘पोटात ठेवणे’ हे आपल्या भाषेत शहाणपणाचे लक्षण. ज्याच्या पोटात जागाच उरली नाही, त्याने काय करावे?

अखेर डॉक्टरांना सगळे सांगितले. दुर्बिणीतून अन्ननलिकेला झालेली इजा दिसली. गोळ्यांनी भागले नाही तर दुसरी शस्त्रक्रिया: जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायची. पहिल्या निर्णयाचा पश्चात्ताप मला नाही. त्याविषयीच्या मौनाचा आहे.

नवे संमतीपत्र टेबलावर आहे. शेजारी पेन्सिल ठेवली आहे.