तारेवरचा वेडा राघू

वेडा राघू फोटोला सोपा, कारण उडालेल्या जागी तो बहुधा परत येतो. बाभळीच्या वाळक्या फांदीवरून किंवा विजेच्या तारेवरून झेप, हवेतच किडा टिपणे, पुन्हा तेच टोक. मधमाशी मिळाली तर आधी ती फांदीवर आपटून, घासून नांगी निकामी करायची आणि मगच गिळायची. बांधावर, माळावर, गावाच्या वेशीवर तो सहज दिसतो. म्हणून पुष्कळांच्या पहिल्या रोलमध्ये, म्हणजे त्या 36 फोटोंत, दोनचार तरी त्याचेच असत.

त्या जुन्या फोटोंत तो नेमका मधोमध बसलेला असतो. फोकसचा ठिपका मध्यभागी, म्हणून पक्षीही मध्यभागी. मागे पांढरेफटक आभाळ, त्यामुळे हिरवा राघू काळा दिसतो. शेपटीतून निघालेली दोन बारीक लांब पिसे खालच्या कडेला हमखास कापली जातात.

पुढे मोठी लेन्स येते, 400 किंवा 600 मिलिमीटरची. आता लाल डोळा, त्यावरून गेलेला काळा पट्टा, एकेक पीस मोजून घ्यावे इतके स्पष्ट. हा टप्पा लांबतो आणि महागही पडतो. फोटो मात्र सगळे पक्षीकोशातल्या चित्रांसारखे, एक झाकावा आणि दुसरा काढावा असे.

रचना सुधारते ती गुडघे टेकल्यावर. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आला की आभाळाच्या जागी दूरचे ज्वारीचे शेत येते आणि त्याचा नुसता मऊ रंग उरतो. दोन पावले डावीकडे सरकले की विजेचा खांब चौकटीबाहेर जातो. सकाळचे ऊन पाठीशी घेतले की डोळ्यात चमक उतरते. चोचीपुढे जागा सोडायची, कारण राघूची नजर तिकडे असते. उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवत बसण्यापेक्षा रिकाम्या टोकावर फोकस धरून, शटर 1/2000 ठेवून वाट बघणे बरे. मार्च ते जूनमध्ये मातीच्या दरडीतल्या बिळांपाशी मात्र हा हट्ट नको. माणूस जवळ असला की चोचीत किडा धरून पक्षी ताटकळत राहतो.

वर्षे जातात तसा चौकटीतला राघू लहान होत जातो. आधी अडचण वाटणारी तार आता मुद्दाम घेतली जाते. थंडीतल्या संध्याकाळी तिच्यावर सातआठ राघू खांद्याला खांदा लावून बसतात. एखादाच तोंड फिरवून बसलेला.