म्हणे

मराठीत ‘म्हणे’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो जोडला, की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. ‘निकॉनचा नवा कॅमेरा येतोय म्हणे’ हे वाक्य २००७च्या पावसाळ्यापासून पुढे वर्षभर आम्ही दोघांनी एकमेकांना किती वेळा ऐकवले, याची गणती नाही. आमच्यातला एक बोरिवलीचा, दुसरा घाटकोपरचा. दोघेही नुकतेच एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवत होतो. निम्मे निम्मे पैसे घालून एक डिजिटल एसएलआर घ्यायचा आणि मुलुंडला राहणाऱ्या आमच्या सरांची, त्यांच्या हस्तलिखित टिपणांची, पुस्तकांनी भरलेल्या त्या खोलीची छायाचित्रे काढायची, असा बेत होता.

पैसे जमले तेव्हा बाजारात ‘डी-८०’ होता. १०.२ मेगापिक्सेलचा, आमच्या गरजेला पुरून उरेल असा. पण ‘डी-७०’ आला २००४ साली, ‘डी-८०’ २००६ साली. म्हणजे पुढचा २००८ साली, सप्टेंबरात कोलोनला भरणाऱ्या फोटोकिना प्रदर्शनाच्या सुमारास येणार, असे गणित आम्ही मांडले. त्याचे नाव ‘डी-९०’ असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. महागड्या ‘डी-३००’च्या तोडीचा सेन्सर त्यात असेल का, यावर घाटकोपर ते मुलुंड लोकलमध्ये उभ्याने, पाठभेदांवर वाद घालावा तशा गांभीर्याने आम्ही चर्चा करत असू. सर ऐकून हसत. म्हणत, “सुधारित आवृत्ती येणार म्हणून हातातले पुस्तक वाचायचे थांबवता का रे?”

२००८च्या जुलैत सर गेले. २७ ऑगस्टला ‘डी-९०’ जाहीर झाला. नाव, काळ, १२.३ मेगापिक्सेल, आमचे बहुतेक अंदाज खरे ठरले. एक गोष्ट मात्र आमच्या यादीत नव्हती. त्या कॅमेऱ्यात चलच्चित्र घेता येत होते, तेही आवाजासह. डिजिटल एसएलआरमध्ये हे प्रथमच घडत होते. तुकोबांचा अभंग उलगडताना मध्येच थांबून चष्मा पुसणारे सर आम्हांला त्या बातमीत दिसले, आणि पुढे कितीतरी दिवस तो विषय आम्ही काढला नाही. टिपणे घराच्या आवराआवरीत कुठे गेली, ते कळले नाही.

खरे तर घाटकोपरच्या घरी, वडिलांच्या कपाटात, जुना फिल्मचा कॅमेरा सुस्थितीत होता. ३६ चित्रांचा रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मिळत होता. तो आम्हांला आठवला नाही असे नाही. तो आम्हांला कमी वाटला.

एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोहोचतो. कळ दाबताच आरसा उचलला जातो आणि तेवढा क्षण डोळ्यापुढे अंधार होतो. छायाचित्रकार तो क्षण गमावतो, पण बदल्यात त्याला चित्र मिळते. आम्ही कळ न दाबताच अंधार पत्करला.

२०२० साली निकॉनचा ‘डी-६’ आला. त्यानंतर कंपनीने आपले लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळवले. ‘म्हणे’ मात्र टिकून आहे. आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला सांगितल्या, की एखादी विद्यार्थिनी म्हणते, “सर, दिवाळीत नवा फोन येतोय म्हणे, तेव्हा करते.” आम्ही एवढेच विचारतो, “आत्ता हातात कोणता आहे?”