दुसरं नाव

डिसेंबर 2007, जकार्ता. गाण्याची स्पर्धा, 'एशियन आयडॉल'. सहा देश: भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स, व्हिएतनाम, सिंगापूर. आपल्याकडून अभिजीत सावंत, मुंबईचा मराठी मुलगा, 2005 सालचा पहिला 'इंडियन आयडॉल'. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. सहांत सर्वांत लहान देश सिंगापूरच. लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत. आपल्या एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत 93 लाखांवर माणसं मोजली गेली.

*

हे जमलं कसं? प्रेक्षकांनी एसएमएसने मत देताना दोन नावं देणं सक्तीचं होतं. एकच नाव दिलं तर मत बाद. पहिलं नाव जो तो आपल्याच देशाचं देणार. मग उरलं दुसरं नाव, आणि तिथे अंधेरीच्या माणसालाही परक्याचं गाणं कान देऊन ऐकावं लागतं. हादीने एक गाणं मलय भाषेत गायलं. ते मलेशियात घरचं, इंडोनेशियातही सहज कळणारं. त्याची पुष्कळशी दुसरी मतं तिथूनच आली असावीत, असं मला वाटतं. शेजाऱ्याला आवडणं ही लहान देशाची खरी कमाई.

ही स्पर्धा पुन्हा झाली नाही, याचं वाईट वाटतं.

*

युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत, युरोव्हिजनमध्ये, स्वतःच्या देशाला मत देताच येत नाही. चिमुकलं लक्झेंबर्ग तिथे पाचदा जिंकलं: 1961, 1965, 1972, 1973, 1983. पण पाचही गायक बाहेरचे, चार फ्रेंच आणि एक ग्रीक. माल्टा 2002 आणि 2005 मध्ये दुसरा आला, तो इरा लॉस्को आणि कियारा या घरच्या मुलींच्या गळ्यावर. मला माल्टाची कामगिरी मोठी वाटते.

*

लोकांच्या मतांऐवजी परीक्षकांनी निवडल्याचंही एक उदाहरण: गायक सुरेश वाडकर 1976 साली सूर-सिंगार स्पर्धा जिंकले. परीक्षकांत जयदेव आणि रवींद्र जैन. पुढे 'पहेली' आणि 'गमन' या चित्रपटांसाठी याच दोघांनी त्यांना गाणी दिली.

*

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या गणेशोत्सव मंडळांना विनंती. गाण्याचं बक्षीस परीक्षकांऐवजी लोकांच्या मतांवर देणार असाल, तर मोठ्या सोसायटीचं मूल आधीच पुढे असतं आणि चाळीतलं मागे. चिठ्ठीवर दोन नावं मागा. दुसरं आपल्या इमारतीबाहेरचं. एकच नाव असलेली चिठ्ठी मोजू नका.