दोन किलो धीर

आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा आम्ही ह्यूस्टनला जाण्यासाठी बॅग भरीत होतो. (आम्ही म्हणजे एकटेच. छत्तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवल्यामुळे स्वतःला 'आम्ही' म्हणायची खोड जडली आहे, ती आता जायची नाही.) भाच्यासाठी आमसुले, कुळथाचे पीठ, तांदळाचे पापड असे काय काय जमवले होते. बहीण म्हणाली, "भाईजान, खाण्याचं राहू द्या. त्याने रिव्हॉल्व्हर घेतलंय. भलं मोठं आहे म्हणे. सून फोनवर रडत होती. तुम्ही मास्तर आहात, तुमचं ऐकेल तो. समजवा त्याला."

आयुष्यभर मुलांना समजावण्याचाच पगार घेतला, तेव्हा नाही कसे म्हणणार?

भाच्याचे तिथे पेट्रोलपंपाला लागून छोटे दुकान आहे. दूध, सिगारेटी, थंड पेये, लॉटरीची तिकिटे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन ती वस्तू दाखवली. कपाटातल्या कप्प्याला कुलूप होते. चावी कुठून काढली ते आम्ही पाहिले नाही. त्याने गोळ्या काढून घेतल्या, पुन्हा पुन्हा तपासले आणि रिव्हॉल्व्हर ओट्यावर ठेवले. भाचेसून भाजी चिरता चिरता थांबली आणि बाहेर निघून गेली.

खरे सांगायचे तर आम्ही थक्क झालो. स्मिथ अँड वेसन कंपनीचे '५००' नावाचे, २००३ साली बाजारात आलेले रिव्हॉल्व्हर. चकाकते पोलाद, वीतभर लांब नळी, तोंडाशी धक्का कमी करायला पाडलेल्या खाचा. गोळ्या फक्त पाच, कारण काडतूस एवढे जाड की फिरत्या चाकात सहावे मावत नाही. भाचा हसत म्हणाला, "वजन बघायचंय?" आणि त्याने ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. काटा दोन किलोंच्या किंचित पुढे गेला. शेजारी अर्धवट चिरलेली भेंडी होती.

"उचलून बघा, मामू."

आमचा हात पुढे गेला होता, हे कबूल करतो. मग आठवले की प्रवासी व्हिसावर आलेल्या माणसाने तिथे हत्यार बाळगण्याबाबत केंद्रीय कायदा कडक आहे. हात मागे घेतला, पण हाताची इच्छा मागे गेली नाही. समजवायला आलेला मास्तरच मोहात पडला होता.

हा मोह आमच्या ओळखीचा आहे. आखातातून आलेल्या मामेभावाने १९८०च्या दशकात व्हिडिओ आणला, तेव्हा साऱ्या मोहल्ल्याने दाटीवाटीने बसून क्लिंट ईस्टवुडचा 'डर्टी हॅरी' पाहिला होता. १९७१चा चित्रपट. सॅन फ्रान्सिस्कोचा तो पोलीस इन्स्पेक्टर हातात .४४ मॅग्नम घेऊन उभा राहतो आणि हे जगातले सर्वांत ताकदवान पिस्तूल असल्याचे चोराला सांगतो. इंग्रजी आमच्यापैकी दोघा-तिघांनाच समजत होते, पण रिव्हॉल्व्हर सगळ्यांना समजले. आयडाहो राज्यातला एल्मर कीथ नावाचा पशुपालक स्वतःच काडतुसे भरून वर्षानुवर्षे जास्त जोराच्या दारूचे प्रयोग करी. त्याच्या पाठपुराव्यातून १९५५च्या अखेरीस ते काडतूस आणि त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर तयार झाले. शिकाऱ्यांसाठी असलेली ही चीज चित्रपटानंतर अशी खपू लागली की दुकानात मिळेना. गंमत म्हणजे १९७३च्या पुढच्या चित्रपटात तोच इन्स्पेक्टर सांगतो की आपण त्यात हलकी काडतुसे वापरतो. म्हणजे हॅरीलासुद्धा धक्का सोसत नव्हता! पण ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिले नाही.

मोठ्या पिस्तुलाची हौस टेक्सासात तर फारच जुनी. टेक्सास रेंजर्समधल्या सॅम्युएल वॉकर नावाच्या अधिकाऱ्याने सॅम्युएल कोल्टला सूचना केल्या आणि १८४७ साली 'वॉकर कोल्ट' तयार झाले. तेही दोन किलोंचेच. कमरेला लावण्यासारखे नव्हतेच ते, घोड्याच्या खोगिराला लटकवीत. अकराशेच्या आसपास बनली आणि त्यांतल्या काहींची चाके दारूच्या जोराने फुटली. वॉकर त्याच वर्षी मेक्सिकोच्या लढाईत मारला गेला. आपल्याकडेही साहेबलोक हत्तीच्या हौद्यात दोन किंवा चार नळ्यांचे जाडजूड पिस्तूल ठेवीत. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढलाच तर लांब बंदूक फिरवायला जागा नसते, त्या दोन पावलांच्या अंतरासाठी. त्याचे नावच 'हौदा पिस्तूल' पडले. घोडा आणि हत्ती या दोन वाहनांसाठी जे बनले, ते आमचा भाचा उशाशी ठेवून झोपत होता.

"पण एवढं मोठं कशाला?" आम्ही विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, तो आला तेव्हा त्याच्या हातात एवढंसं होतं. तळहातात मावेल एवढं. एकशेऐंशी डॉलर नेले. पैशाचं काही नाही. त्याने मला गुडघ्यांवर बसवलं. आणि लेकरू काउंटरमागे गृहपाठ करत होतं. त्याने बघितलं."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बहिणीने 'समजवा' म्हणताना हे सांगितले नव्हते, कदाचित तिला माहीतच नसावे. भाच्याला चोराची भीती वाटत होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाच्या नजरेतून आपण उतरलो असे त्याला वाटत होते. लहानशा पिस्तुलाने जे नेले, ते मोठ्याने परत आणायचे होते.

रविवारी तो आम्हाला नेमबाजीच्या जागी घेऊन गेला. आम्ही जाड काचेमागे, कानांवर टोपणे चढवून उभे राहिलो. पहिला बार उडाला आणि काचेतून, जमिनीतून, छातीच्या पिंजऱ्यातून तो आवाज आत शिरला. नळीतून हातभर जाळ निघाला. भाच्याचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडाले. पहिली गोळी निशाणावर लागली, दुसरी कडेला. पुढच्या तीन मात्र खाली खाली गेल्या, कारण चाप ओढण्याआधीच त्याचे मनगट धक्क्याच्या धास्तीने खाली दबत होते. शेजारच्या खणात पिकल्या केसांची एक बाई साधे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल चालवीत होती. तिच्या सगळ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत. भाच्याने पाच बारांनंतर तळहात चोळला आणि रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवले. एकेका काडतुसाला दोन-तीन डॉलर पडतात, त्यामुळे सराव हातालाही नको वाटतो आणि खिशालाही.

परतताना आम्ही मास्तरकीवर आलो. नऊ मिलिमीटरची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर, ऊर्जा ४८० ज्यूलच्या आसपास. हॅरीच्या मॅग्नमची सव्वा हजार. भाच्याच्या रिव्हॉल्व्हरची २६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटरने निघाली तर सव्वातीन हजार. एके-४७ची गोळीदेखील दोन हजारांच्या आसपासच असते. पण न्यूटन गोळीपुरता थांबत नाही. जेवढा संवेग पुढे, तेवढाच मागे. दारूच्या वायूंचा हिशेब सोडला तरी नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा या धक्क्याची ऊर्जा दसपट भरते, आणि तीही दोन किलोंचे वजन धक्का गिळत असताना. वजन कमी करावे तर धक्का वाढतो, वाढवावे तर हात थकतो.

"मग लोक घेतात कशाला?" तो जरा चिडून म्हणाला.

प्रश्न रास्त होता. उपयोग नाहीच असे म्हणणे खोटे ठरेल. अलास्कात नदीवर मासे धरणारा माणूस अस्वलाच्या भीतीने कमरेला .४४ मॅग्नम लावतो, कारण दोन्ही हात गळात गुंतलेले असताना रायफल जवळ नसते. पिस्तुलाने शिकार करणारे आहेत, दोनशे मीटरवरचे लोखंडी मेंढे पाडण्याच्या स्पर्धा आहेत. 'डेझर्ट ईगल' हे दुसरे प्रसिद्ध धूड मिनेसोटातल्या कंपनीने काढले आणि इस्राएलच्या सरकारी कारखान्यात घडले. चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये ते जागोजाग दिसते, पण एकाही मोठ्या सैन्याने ते नेहमीचे पिस्तूल म्हणून घेतलेले नाही. एफबीआयची कथा तर बोलकी आहे. एप्रिल १९८६मध्ये मायामीच्या चकमकीत त्यांचे दोन अधिकारी मारले गेले. जास्त जोराची गोळी हवी म्हणून त्यांनी दहा मिलिमीटरचे काडतूस निवडले. धक्का पुष्कळांना झेपेना, म्हणून दारू कमी केली. मग आखूड काडतूस आले, आणि २०१५च्या सुमारास ही मंडळी परत नऊ मिलिमीटरवर आली. तीस वर्षांचा फेरा मारून निष्कर्ष एवढाच निघाला की गोळी लागली पाहिजे, आणि जी झेपते तीच लागते.

भाचा ऐकत होता, पण हिशेबाने माणूस बदलत असता तर आमच्या वर्गात कुणी नापास झाले नसते.

त्या रात्री झोप आली नाही. फजरच्या आधीच उठलो. स्वयंपाकघरात नातू पाणी प्यायला आला. आठ वर्षांचा आहे, आम्हाला 'दादा' म्हणतो. कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, अब्बूंच्या कपाटाची चावी कुठे असते, मला माहिताय. आता कुणी आलं ना, मी देईन त्यांना."

आमच्या हातातला कप खाली ठेवावा लागला.

आमच्या घरी, खाडीकाठच्या गावात, ठासणीची बंदूक होती. रानडुकरे आणि वानरांपासून भात-वरी राखण्यासाठी दादांना परवाना मिळालेला. माजघराच्या भिंतीवर ती खुंट्यांना टांगलेली असे. आम्ही अकरा-बारा वर्षांचे असताना शेजारच्या पोरांवर छाप पाडायला ती काढली. बार भरलेला आहे हे ठाऊक नव्हते, केप मात्र कुठे ठेवलेली असते ते ठाऊक होते. ती चढवली, घोडा ओढला आणि चाप दाबला. घर धुराने भरले. छर्रे समोरच्या भाताच्या कणगीत शिरले आणि भात झरझर खाली वाहू लागला. त्या कणगीपाशी दादी रोज असरची नमाज पढत असे. सलाम फेरून ती नुकतीच आत गेली होती. तिचा मुसल्ला तिथेच होता, त्यावर भाताचा ढीग झाला.

दादांनी आम्हाला मारले नाही. शब्दही बोलले नाहीत. पुढे निवडणूक आली, तेव्हा रीतीप्रमाणे गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. निवडणूक संपली, लोकांनी आपापल्या परत आणल्या. दादांनी आणली नाही. पुढची सगळी वर्षे ते रात्री माचावर बसून डबा बडवून डुकरे हाकलीत.

सकाळी हे भाच्याला सांगितले आणि नातू काय म्हणाला तेही सांगितले. त्याचा चेहरा उतरला. मग आम्ही उठून त्याच्या पलंगामागची भिंत बोटाने वाजवली. पोकळ आवाज आला. तिथली घरे लाकडी सांगाड्याची, वर जिप्समचा पातळ पत्रा. भिंतीपलीकडे मुलांची खोली. ती भिंत ना ही गोळी अडवील, ना साध्या पिस्तुलाची, पण ही पुढच्या दोन-तीन भिंतीही सोडणार नाही. आणि अंधारात पहिला बार काढल्यावर दुसरा काढायला डोळे आणि कान शिल्लक राहणार नाहीत. भाचेसून दारात उभी होती. ती इतकेच म्हणाली, "आणि पोलीस आले तर? रात्री दोन वाजता, दारात दाढीवाला माणूस, हातात ते. आपलं नाव विचारायला तरी थांबतील का?"

तो काहीच बोलला नाही.

आम्ही परतल्यावर महिन्याने त्याचा फोन आला. रिव्हॉल्व्हर विकलेले नाही. जमिनीला ठोकलेल्या पोलादी तिजोरीत आहे, आकड्यांचे कुलूप आहे, गोळ्या वेगळ्या ठेवतो. बेडरूमला भरीव दार बसवले, दुकानात रात्री दुसरा माणूस ठेवला. बहिणीला एवढ्यावर समाधान नाही, आम्हालाही पुरते नाही. पण त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या रात्रीबद्दल तो मुलाशी पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "मी घाबरलो होतो, बेटा. तू काउंटरमागे होतास, म्हणून मी गुडघ्यांवर बसलो."

"मग काय म्हणाला तो?" आम्ही विचारले.

"काही नाही, मामू. मांडीवर येऊन बसला."